अध्यक्षांचं जादा मत

१२ नोव्हेंबर १९४५

ही डायरी आज साताऱ्यात घेतली. साल सरत आलं म्हणून दुकानदाराने निम्म्या किमतीत दिली. छापलेल्या तारखा खोडून वर माझ्या तारखा घालतो आहे, कागद काही शिळा होत नाही. मनूने पाहिली आणि म्हणाली, "जुनं साल नवा पैसा दिऊन कुनी आनतंय व्हय?" मी काटकसरी आहे, चिक्कू नाही. लग्नाला तीस वर्षं झाली, पण हा फरक तिच्या गळी काही उतरला नाही.

लिहायचं कारण एवढंच, की आमच्या म्युनिसिपालिटीत आज बोललेलं माणूस उद्या फिरवतो. कोण काय म्हणालं ते आपल्यापाशी लिहिलेलं असावं.

आमचे अध्यक्ष विष्णुपंत वकील. माझ्याच वर्गातले, शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्यांना म्हातारपणी नळाचं वेड लागलं आहे. कृष्णेवर इंजिन बसवायचं, टेकडीवर टाकी बांधायची आणि घरोघर पाणी न्यायचं. निम्मा पैसा सरकार देणार, निम्म्याचं कर्ज काढायचं आणि ते तीस वर्षं फेडत बसायचं. शिवाय पाणीपट्टी नवी. आमच्या बाजूचं म्हणणं साधं आहे. लढाईनं माणूस आधीच पिळून निघाला आहे. कर्ज नको, उलट घरपट्टी चार आण्यांनी उतरवा. गावाने त्यांना नळवाले म्हटलं आहे आणि आम्हाला पट्टीवाले. आम्ही आठ, ते सात.

साताऱ्याला मी ज्या मुख्य कामासाठी गेलो होतो ते आमच्या पोराचं, हंबीरचं. लष्कराच्या कचेरीत विचारलं. साहेब म्हणाला, सिंगापूरला धरलेले सगळे कैदी सुटले आहेत, याद्या यायच्या आहेत, धीर धरा. चार वर्षं धरलाच आहे.

२१ नोव्हेंबर

सभा झाली. मी चांगला बोललो असं मला वाटतं. नानासो तर म्हणाला, "आबा, वकिलाची पार वकिलीच बसवली तुमी." नानासो आमच्या बाजूचा, मतांची जुळणी तोच करतो.

मी म्हणालो, लढाईसाठी सरकारने डोंगराएवढं कर्ज काढलं. ते कोण फेडणार? आमची पोरं. आता त्यावर गावाचं कर्ज आणखी चढवायचं. तेही पोरांच्याच डोक्यावर. माझा हंबीर आज ना उद्या घरी येईल. चार वर्षं जपानच्या कैदेत काढून येईल. त्याने उंबऱ्यात पाय ठेवला की त्याच्या हातात काय ठेवू? तीस वर्षांचं कर्ज? जी पोरं इथे मत द्यायला नाहीत त्यांच्या नावावर आपण सह्या करायच्या, हा कुठला न्याय?

विष्णुपंत चष्मा पुसत उठले. म्हणाले, "कर्ज काढून लढाई करता येते, तर कर्ज काढून पाणी का आणता येऊ नये? लालासाहेब, हंबीर आला की त्याला काय दाखवणार? बायको नदीवरून घागर घेऊन येताना दिसेल ते?"

अंजनाचा विषय भर सभेत काढायला नको होता. माझ्या सुनेने पाणी आणलं तर त्यांचं काय जातं? आमच्या घराण्यात बायकांनी नेहमीच आणलं आहे.

घरी येऊन हे मनूला सांगितलं. ती म्हणाली, "पट्टी उतरवा की खुशाल. पर मंग माज्या डोस्क्यावरली घागर बी उतरवा." बायकांना राजकारण कळत नाही.

९ डिसेंबर

केरबा परत आला! हंबीरच्याच पलटणीतला, त्याच्याबरोबरच धरला गेलेला. स्टँडवर उतरला तेव्हा पोरं त्याला ओळखेनात इतका वाळला आहे. दुपारी घरी आला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं. किती तरी वेळ उठेना. मीच खांद्याला धरून उठवला.

मी विचारलं, "हंबीर कुटं हाय? तुझ्यासंगं का न्हाई आला?"

तो म्हणाला, "आबा, आमाला येगयेगळ्या बेटावर नेलं हुतं. मागनं लय जनं बोटीनं यायची हायेत."

"बरा हाय न्हवं?"

"व्हय, आबा." आणि तो खाली बघायला लागला.

चार वर्षांच्या मारानंतर माणूस असाच बोलणार. मनूने त्याला जेवायला बस म्हटलं, तर भूक नाही म्हणाला. अंजनाने पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. तो तांब्याकडे बघत राहिला, पण हात लावला नाही. एकदम उठला आणि जोडा घालून गेला. पाणी तसंच राहिलं. अंजना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नंतर तिने तो तांब्या उचलून तुळशीला ओतला.

संध्याकाळी कळलं, की हा गडी आमच्याकडून उठला तो थेट विष्णुपंतांच्या घरी गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथे बसला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिपायाचं मत गावात वजनदार असतं. नळवाल्यांनी त्याला पहिल्याच दिवशी आपल्याकडे ओढला. म्हणून आमच्या घरचं पाणीसुद्धा त्याला चालेना.

२३ डिसेंबर

ठरावाची सभा २९ला होती. आज विष्णुपंत स्वतः घरी आले. पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "लालासाहेब, सभा जरा पुढे ढकलू. महिनाभर."

मी म्हटलं, "का? माणसं कमी पडत्यात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तसंच समजा."

मनूने चहा पुढे केला. नको म्हणाले. पाणी तरी घ्या म्हटलं, तर तेही नको. पानाचं तबक सरकवलं, त्यालाही हात लावला नाही. जाताना अंगणात हंबीरच्या जुन्या सायकलीपाशी थांबले, सीटवरची धूळ हाताने पुसली आणि गेले. हा माणूस लहानपणी माझ्या घरची भाकरी-चटणी हिसकावून खायचा. पक्ष माणसाला कुठवर नेतो पाहा. आधी केरबा, आता हे. नळावरून आमच्या घरचं पाणीच वर्ज्य केलं यांनी.

नानासोला सांगितलं. तो खूश. "ढकलूं द्या की आबा. आपला आठवा गडी काय पळून जात न्हाई. तुमीच हाय तो."

१५ जानेवारी १९४६

काल संक्रांत. तिळगूळ घ्यायला गावातले सगळे आले, नळवालेही आले. गोड बोला म्हणाले. मी बोललो.

आज बायकांचं हळदीकुंकू होतं. विष्णुपंतांच्या गोदावरीबाई आल्या. मी ओसरीवर गुळाच्या भावाचं बोलत बसलो होतो, तरी आतलं दिसत होतं. अंजनाला कुंकू लावताना बाईंचा हात असा थरथरला की कुंकू तिच्या नाकावर सांडलं. बायका म्हणाल्या, नाकावर कुंकू सांडलं, नवऱ्याची लाडकी! सगळ्या हसल्या. गोदावरीबाईंनी अंजनाला एकदम जवळ घेतलं आणि सोडेचनात. त्यांचे डोळे भरून आले होते. नळाचा ठराव आता बायकांच्या डोळ्यांतून आणायचं ठरलेलं दिसतं.

एक गोष्ट खरी. अंजना त्या वेळी रडली नाही. उलट तिनेच बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. माझी सून आहे ती, अशी तशी नाही.

३ फेब्रुवारी

गुऱ्हाळ लागलं आहे. आठ दिवस मळ्यातच. यंदाची काकवी अशी उतरली आहे की बोट चाटून माणूस जेवण विसरेल. एक बरणी हंबीरसाठी बाजूला काढली. लग्न झालं आणि दोन महिन्यांत तो पलटणीवर गेला. त्या दोन महिन्यांत त्याने भाकरीबरोबर दुसरं काही खाल्लं नाही, काकवीच. मनू त्याला म्हणायची, बायकोला तरी ठेव की रं.

माडीवरच्या खोलीला चुना देऊन घेतला. अंजनाला म्हटलं, बोटी यायला लागल्या आहेत, खोली तयार असावी. ती "बरं, मामंजी," म्हणाली आणि खाली गेली. पूर्वी त्याच्या नावाचा विषय निघाला की पोरगी कामं काढून जवळपास घुटमळायची. आता सरळ निघून जाते. वाट बघून माणूस थकतं.

सभा दुसऱ्यांदा पुढे ढकलली. आता १६ मार्च. याच्यापुढे विष्णुपंतांना ढकलता येणार नाही, कारण मार्चअखेर ठराव गेला नाही तर सरकारची निम्मी मदत बुडते. फास त्यांनीच आवळून घेतला आहे. घ्या म्हणावं.

२० फेब्रुवारी

बाजारात केरबा दिसला. मला पाहून गुळाच्या आडतीत शिरला. मीही मागे शिरलो. विचारलं, "काय रं, वकिलानं काय दिलं तुला?"

तो म्हणाला, "आबा, मला कुनी काय दिलं न्हाई." आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यासमोर शिपाईगडी रडायला लागला. आडतीवरची माणसं बघायला लागली. मला राग आला आणि लाजही वाटली. का वाटली ते कळलं नाही.

९ मार्च

साताऱ्याहून कागद आला. हंबीर गेला. दोन वर्षांपूर्वीच गेला. कैदेत, हगवणीने, कुठल्याशा बेटावर.

दोन वर्षं.

११ मार्च

काल नदीवर नेला. नेला म्हणजे काय, दर्भाचा पुतळा केला. भटजींनी डोकं, हात, पाय बांधून दाखवले. मी त्याला बारशाला उचलला होता तेव्हाही तो एवढा हलका नव्हता. तिरडीला खांदा द्यायला सगळे पुढे आले. पट्टीवाले आणि नळवाले एकाच तिरडीखाली होते. माझ्या पुढे नानासो, पलीकडे केरबा. विष्णुपंत अनवाणी मागून चालले होते. वकिलाला अनवाणी चालताना मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

भटजी म्हणाले, मृत्यूला वर्षावर काळ लोटला आहे, शास्त्राने तीन दिवसांचं सुतक पुरतं. मनू म्हणाली, "माज्या लेकराचं तीन दिसात उरकायचं? दहा धरायचं. मी सांगतीय दहा." दहा धरले.

अंजनाचं कुंकू पुसताना मी मळ्यात निघून गेलो. घरात थांबण्याएवढी छाती नव्हती.

१३ मार्च

दोन दिवस शेजारच्या बायका पाणी आणून देत होत्या. आज त्यांच्यात लग्न निघालं, त्या आल्या नाहीत. अंजनाला बाहेर पाठवायचं नाही. मनू कुणाला न सांगता घागर घेऊन गेली. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून मी बघायला गेलो.

ती घाटाच्या मधल्या पायरीवर बसली होती. घागर शेजारी, निम्मी सांडलेली. मला बघून म्हणाली, "दम लागला वो. जरा बसते आनि येते." मी घागर उचलली. माझ्या हातांनी ऊस तोडला आहे, मोट धरली आहे, पण पाण्याची घागर खांद्यावर घेऊन हा घाट मी जन्मात चढलो नव्हतो. वर पोहोचेपर्यंत माझा ऊर फुटायची वेळ आली. माझी सून दिवसातून चार खेपा करते. मनूने तीस वर्षं केल्या. पूर आला की चिखलातून, उन्हाळ्यात नदी आटली की मधल्या वाळूतून.

घागर उतरवून ओसरीवर बसलो आणि सभेतलं माझं भाषण आठवलं. पोरांच्या डोक्यावर ओझं नको म्हणालो होतो. कोणत्या पोरांच्या? ज्याच्यासाठी पैसा राखत होतो त्याला जाऊन दोन वर्षं झाली. मी सभेत त्याच्या नावाने हात उंचावत होतो तेव्हा तो मातीखाली होता. आणि ओझं रोज जिच्या डोक्यावर होतं ती माझ्याच स्वयंपाकघरात होती.

विष्णू बरोबर होता. हे इथे लिहितो. कुणाला दाखवायचं नाही.

१५ मार्च

उद्या सभा. सुतकात मी जाणार नाही आणि कुणी ये म्हणणार नाही. दुपारभर हिशेब केला. मी नसलो की आम्ही सात, ते सात. बरोबरी झाली की कायद्याने अध्यक्षांना जादा मत. म्हणजे विष्णुपंत जिंकले. नळ होणार.

खरं तर निरोप धाडायला हवा, की माझं मत फिरलं. पण कसा धाडू? चार महिने मी त्यांना काय काय बोललो! नानासोला तोंड कसं दाखवू? पोरगा गेला आणि म्हातारा मोडला असं गाव म्हणेल. त्यापेक्षा हे बरं आहे. सुतक आपोआप माझं मत काढून घेतं आहे. मी वाकायला नको, बोलायला नको, आणि पाणी तर येईल. मनूने दहा दिवस धरायला लावले ते देवानेच सुचवलं म्हणायचं.

बऱ्याच दिवसांनी मनाला थोडं थंड वाटलं.

१६ मार्च

सकाळपासून ओसरीवर होतो. म्युनिसिपालिटीच्या घंटेकडे कान. घंटा झाली. सभा लांबेल असं वाटलं होतं, पण लगेचच संपलेली दिसली. माणसं रस्त्यावर आली.

मग विष्णुपंत आले. मागे नानासो, आणि दोन्ही बाजूंचे मिळून सगळे. सगळे खाली मान घालून ओसरीवर बसले. विष्णुपंतांनी माझा हात हातात घेतला.

"लाल्या," ते म्हणाले. बाकावर बसायचो तेव्हा म्हणायचे तसं, "लाल्या, मी ठराव मागे घेतला."

मला कळेचना. मी म्हटलं, "का?"

"आमची बरोबरी झाली असती. माझ्या जादा मताने ठराव पास झाला असता. पण तुझ्या पोराच्या सुतकाने मला बहुमत मिळायचं? असला नळ मला उघडता आला नसता रे. पाण्याच्या प्रत्येक थेंबाला तुझा हंबीर आठवला असता."

नानासो पुढे सरकला. म्हणाला, "आबा, पयला दुखवट्याचा ठराव झाला. मंग कर्ज न काढायचा आनि पट्टी उतरवायचा. पंधरा खुर्च्या, एक तुमची रिकामी. चवदाच्या चवदा हात वर. नळवाल्यांचं बी. हंबीररावाच्या डोस्क्यावर गावानं कर्ज ठिवलं न्हाई."

केरबा दारात उभा होता. तो मोठ्याने रडला.

मला बोलायला हवं होतं. तिथेच, त्याच क्षणी. मार्च संपायला पंधरा दिवस होते, सभा पुन्हा बोलावता आली असती. तोंड उघडलंसुद्धा. पण विष्णूचा चेहरा बघितला. इतक्या वर्षांचं त्याचं स्वप्न त्याने माझ्या पायाशी आणून ठेवलं होतं आणि त्याला वाटत होतं की त्याने मला काहीतरी दिलं. चवदा माणसं ओल्या डोळ्यांनी बघत होती. त्यांना कसं सांगू, की तुम्ही दिलंत ते मला नको आहे?

मी हात जोडले. त्यांनी ते कृतज्ञतेचे समजले.

१९ मार्च

सुतक सुटलं. सारवण झालं, न्हाणं झालं.

दुपारी अंजना ओसरीवर धान्य निवडत बसली होती. मी तिला म्हटलं, "केरबाला समदं ठावं हुतं. वकिलाला बी ठावं हुतं. त्येंनी मला सांगितलं का न्हाई गं?"

ती म्हणाली, "सांगाय आलं हुतं, मामंजी. तोंडानं न्हाई सांगता आलं त्यास्नी."

"म्हंजी?"

"केरबा भावजींनी पानी न्हाई घेतलं. सुतकाच्या घरी पानी घेत्यात व्हय कुनी? तवाच कळलं मला."

डिसेंबरात! मी म्हटलं, "आनि तू गप ऱ्हायलीस? संक्रांतीचं कुंकू लावून घेतलंस?"

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमी सभेत त्येंचं नाव घेत हुता. माझा हंबीर येनार, माझा हंबीर येनार. गावात आनि कुनीच त्येंचं नाव तसं घेत नव्हतं. म्हनलं, घेत्यात तंवर घिऊ द्या."

मी उठून मागच्या परड्यात गेलो. तिथे म्हशीच्या गोठ्यात उभा राहून रडलो. पोराचा कागद आला त्या दिवशी असा रडलो नव्हतो.

पक्षाच्या डोळ्यांनी बघत होतो, म्हणून केरबाचं न प्यालेलं पाणी मला अपमान दिसलं. वीस-बावीस वर्षांच्या पोरीला ते एका नजरेत दिसलं.

२७ मार्च

शेवटी विष्णूकडे जायला निघालो. सगळं सांगायचं ठरवून. मार्चचे चार दिवस अजून हातात होते. त्याच्या दारात पोहोचलो तर ओसरीवर सांगलीचा इंजिनियर बसलेला. त्यानेच नळाचे नकाशे केले होते. विष्णू ते नकाशे गुंडाळून त्याला परत देत होता. इंजिनियर म्हणत होता, साहेब, अजून विचार करा, सरकारची मदत पुन्हा मिळायची नाही.

विष्णू म्हणाला, "इंजिनियरसाहेब, मी आयुष्यात पुष्कळ खटले जिंकलो. हरून बरं वाटलं असा हा एकच."

मी दारातूनच परत फिरलो. त्याने मला पाहिलं नाही.

४ एप्रिल

परवा पाडवा झाला. आमच्या दाराला गुढी नव्हती. गावात घरपट्टीच्या नव्या पावत्या निघाल्या, चार आण्यांनी कमी. बाजारात माणसं मला वाट देतात. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, तुज्या पोरापायी गरिबाचं भलं झालं." मी पुढे गेलो. चार आणे तिला खरंच मोठे आहेत. हेही लिहून ठेवायला हवं. मी सांगत होतो त्यातलं सगळंच काही खोटं नव्हतं.

मार्च संपला. सरकारची मदत गेली. आता माझ्या हयातीत तरी नळ येत नाही.

९ एप्रिल

आज पहाटे घागर घेऊन मीच नदीवर गेलो. अंजना नको नको म्हणत होती. भावकी काय म्हनंल, आत्याबाई काय म्हनतील. मनू आतून ओरडली, "म्हातारीला काय बी म्हनायचं न्हाई. जाऊं दे त्यास्नी."

नदी खाली गेली आहे, वाळूतून बरंच चालावं लागतं. बायका मला बघून पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या. घागर भरली. उचलायला गेलो तर कमरेतून कळ आली, म्हणून गुडघ्यावरच थांबलो.

विष्णू अंघोळ करून वर येत होता. ओलं धोतर, हातात तांब्या. मला बघून थबकला.

"लाल्या, तू?"

मी म्हटलं, "सूनबाईला बरं न्हाई." खोटं बोललो.

तो माझ्या शेजारी वाळूत बसला. दोघं नदीकडे बघत बसलो. काठाच्या वरच्या अंगाला, जिथे इंजिन बसणार होतं तिथे, त्याने दोन वर्षांपूर्वी खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या. त्यातली एक अजून उभी आहे. आता सांग, असं मी स्वतःला म्हणत होतो. आता मार्च नाही, सभा नाही, कुणाचं काही जात नाही. नुसतं सांग, की तू बरोबर होतास. पण मग त्याला कळलं असतं की नळ त्याने उगाच सोडला. माझं एक ओझं उतरलं असतं आणि त्याच्या डोक्यावर बसलं असतं.

तो म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी तू काही बोलला नाहीस. मी केलं ते तुझ्या मनासारखं झालं ना रे?"

"झालं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. बरं वाटलं त्याला, ते दिसलं. मग उठला, तांब्या वाळूत ठेवला, घागरीला खालून हात घातला आणि ती माझ्या खांद्यावर चढवून दिली.